पाण्याचा हप्ता

कऱ्हाडहून निघालेली एस. टी. हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाट उतरू लागली, की झोपलेले प्रवासीसुद्धा डोळे उघडतात. वळणे संपता संपता हवा बदलते, अंगाला दमटपणा चिकटतो आणि पायथ्याशी पोफळी येते. चिपळूण तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते कोयनेच्या विजेमुळे. घाटमाथ्यावर अडवलेले कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने येते, पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते आणि डोंगरात कोरलेल्या वीजगृहातली चक्रे फिरवते. १९६२ पासून हे चालू आहे. पुढे हेच पाणी कोळकेवाडीच्या धरणात थांबते, अलोऱ्याला पुन्हा एकदा वीज देते आणि वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीतून समुद्रात जाते.

किती पाणी? कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये मांडायचे तर ६७.५ टीएमसी म्हणजे एक लाख नव्वद हजार कोटी लिटरांहून अधिक. एवढी शून्ये मी बँकेतल्या छत्तीस वर्षांत कुठल्याही खात्यावर पाहिली नाहीत!

आणि तरीही एप्रिल उजाडला, की पोफळीच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतल्या बायकांच्या डोईवर हंडा चढायचा. पायाखालून नदीएवढे पाणी धावते आहे आणि अंगणातली तुळस कोमेजते आहे, हे दृश्य मी नोकरीच्या ऐन उमेदीत पाहिले. त्या वेळी मला त्यात फक्त अन्याय दिसला. त्यात एक हिशेबही होता आणि तो मीच चुकवला होता, हे कळायला बरीच वर्षे गेली. आजचा हा लेख म्हणजे त्या चुकीची उशिरा केलेली नोंद आहे, असे समजा.

१९८९ साली मी या भागात बँकेचा कृषी अधिकारी होतो. अधिकारी म्हणजे काय, तर एक मोटारसायकल, एक चामडी बॅग आणि बॅगेत अर्जांचे गठ्ठे. डोंगरउतारावरच्या एका वाडीतले एक शेतकरी विहीर आणि पंपासाठी कर्ज मागायला आले. सारा गाव त्यांना तात्या म्हणे, म्हणून मीही तात्याच म्हणू लागलो. घराखाली त्यांची अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे सपाट जागा होती. पावसाळ्यात भात व्हायचे. विहीर झाली की उन्हाळ्यात भाजी करायची, पोफळी आणि अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतींत विकायची, असा त्यांचा बेत होता. गिऱ्हाईक दारात होते, माणूस कष्टाळू होता. प्रकरण मंजूर न करण्यासारखे काहीच नव्हते.

आमच्या छापील अर्जात सारे रकाने होते. विहिरीचा व्यास, खोली, कातळ किती फुटांवर, पंप किती अश्वशक्तीचा, सात-बारा, जामीनदार. सारे भरले. वीस गुंठे भाजी रोज किती पाणी पिणार आणि ही विहीर ऐन उन्हाळ्यात रोज किती पाणी देणार, हे दोन प्रश्न तेवढे अर्जात नव्हते. मलाही ते सुचले नाहीत.

आता सुचतात. गणित पाचवीतल्या मुलाला जमेल असे आहे. कोकणच्या उन्हाळ्यात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला पाच-सहा मिलिमीटर उडून जाते. भरात आलेला भाजीपालाही जवळपास त्याच मापाने पाणी पितो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा एका चौरस मीटरला रोज पाच लिटर, एका गुंठ्याला, म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटरला, पाचशे लिटर आणि तात्यांच्या वीस गुंठ्यांना दहा हजार लिटर. त्यांच्या विहिरीत एप्रिलमध्ये रात्रभरात पाझरून जमायचे जेमतेम पाच हजार. एक थेंबही वाया न घालवता तिने दहा गुंठे भिजवले असते. आम्ही वीस गुंठ्यांच्या उत्पन्नावर हप्ता ठरवला होता.

शिवाय थेंब वाया न जाण्याचा प्रश्नच नव्हता. पंप सुरू केला, की पाऊण तासात विहिरीचा तळ दिसे. पाणी मातीच्या पाटातून वळवळत जाई आणि अर्धे वाटेतच मुरे. उरलेले वाफ्यात भरे. दोन बोटे पाणी वाफ्यात उभे केले, की एका गुंठ्याला चार-पाच हजार लिटर लागतात. देशावरच्या काळ्या जमिनीत ते चालते. ती माती पाणी धरून ठेवते आणि आठवडाभर मुळांना पुरवते. आमची कोकणची तांबडी, जांभ्याची माती तशी नाही. तिचा हात सैल! दिलेले पाणी मुळांच्या खाली केव्हा उतरले ते तिला कळतही नाही. पहिल्या दिवशी झाडांची मुळे गुदमरत, चौथ्या दिवशी पाने माना टाकत आणि पुढची पाळी यायची आठव्या दिवशी. मिरची फुलोऱ्यात असतानाच फुले गळून पडली. वांगी धरली ती लिंबाएवढी होऊन कडू झाली. मे महिन्यात मी वसुलीला गेलो, तेव्हा तात्या विहिरीच्या काठावर बसून होते. नोटीस माझ्या बॅगेत होती. ती मी बाहेर काढली नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टाने पाठवली. समोरासमोर देण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या वर्षीचा पहिला हप्ता तरीही आला. तो तात्यांनी नव्हे, त्यांच्या पत्नीने, काकींनी भरला. एके सकाळी त्या शाखेत आल्या आणि लुगड्याच्या ओच्यातून नाण्यांची आणि मळकट नोटांची पुरचुंडी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. कॅशियरला मोजायला अर्धा तास लागला. शेत करपले असताना हे पैसे आले कुठून, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सायेब, या एकदा परसात."

परसात जेमतेम दीड गुंठा जागा होती आणि तिच्यात मडकी पुरलेली होती. साधी, कुंभाराच्या आव्यातली, न रंगवलेली मडकी. गळ्यापर्यंत जमिनीत, तोंडावर नारळाची करवंटी. प्रत्येक मडक्याभोवती चार-पाच वेल किंवा रोपे. काकडी, दोडके, पडवळ, वांगी. भोवती वाळल्या पानांचा जाड थर. न्हाणीचे आणि भांडी विसळलेले पाणी एका खड्ड्यात निवळून घेऊन काकी दर दोन-तीन दिवसांनी एकेक मडके भरत. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते, माती कोरडी असली तर भराभर, ओली असली तर हळू. रोपाची मुळे त्या ओलाव्याकडे धावतात आणि मडक्याला कवटाळून बसतात. वरची माती कोरडीच असल्यामुळे तण उगवत नाही आणि उन्हाला उडवून न्यायला काही मिळत नाही. दोनेक वर्षांनी मडक्याची छिद्रे क्षारांनी बुजतात. मग नवे पुरायचे.

"जमिनीला घातलंत तर जमीन पिते, सायेब," काकी म्हणाल्या. "झाडाला घाला की."

त्या सकाळी मी हसलो असेन. बँकेतला माणूस मडक्याला कर्ज देऊ शकत नाही. त्याला युनिट कॉस्ट नसते, कोटेशन नसते, विमा नसतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात हीच पुरलेल्या मडक्यांची रीत वर्णिलेली आहे, हे मी निवृत्तीनंतर वाचले. काकींना अक्षरओळख सहीपुरती होती.

पाणी जपून वापरणे ही कोकणाला नवी गोष्ट नव्हती, हेही मला तेव्हा उमगले नाही. गुहागर, दापोली, श्रीवर्धनकडच्या आगरांत बैलाने फिरवलेला रहाट विहिरीचे पाणी लोट्यालोट्याने वर आणी. दोणीतून ते पोफळीच्या चिरलेल्या खोडाच्या पन्हळीत जाई आणि झाडाच्या आळ्यातच पडे. पोफळीला बारमाही पाणी लागते, म्हणून त्याच पाण्यावर सावलीत केळ, खोडावर मिरवेल आणि मधे एखादे जायफळ. एका शिंपण्यात चार पिके! रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाल्याची पिके घेणारी 'लाखी बाग' लोकप्रिय केली, तिच्यामागचे तत्त्व तेच. डोंगरावरचा शेतकरी तर पाण्याविनाच पीक काढी. भात कापले, की उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा, वाल टाकायचा आणि दवावर सोडून द्यायचा. पंप आला आणि बटण दाबले की पाणी येते, असे वाटू लागले. मग मोजण्याची सवय गेली.

पाणी केव्हा द्यायचे नाही, हेही जाणत्याला माहीत असते. हापूसचे मोठे झाड ऑक्टोबर-नोव्हेंबरात तहानलेले राहिले पाहिजे. तो ताण बसला म्हणजे त्याला मोहोराची आठवण होते. त्या काळात दयाबुद्धीने पाणी घातलेत, तर झाड पालवीच फोडत बसते. मात्र फळ वाटाण्याएवढे झाले, की चित्र पालटते. तेव्हापासून पंधरा पंधरा दिवसांनी झाडाला दीडशे-दोनशे लिटर, अशा तीन-चार पाळ्या दिल्या तर फळगळ कमी होते आणि फळ पोसते, असे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सांगणे आहे. काढणीच्या महिनाभर आधी पाणी पुन्हा बंद. पाणी देण्याच्या जागाही ठरलेल्या. जुन्या झाडाच्या बुंध्याशी ओतलेले पाणी फुकट. अन्न शोषणारी बारीक मुळे असतात ती फांद्यांच्या घेराखाली.

कलमांची गोष्ट निराळी. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणच्या वरकस डोंगरांवर आंबा-काजूची कलमे चढली. योजना मोठी होती आणि तिने कोकणाचे रूप बदलले. पण कातळावरच्या कलमाला पहिले दोन-तीन उन्हाळे पार पाडावे लागतात. डोंगर चढून पाणी कोण नेणार? मी पाहणीला जाई तेव्हा कितीतरी खड्ड्यांत काठीला बांधलेली वाळकी काडी उभी असे. कागदावर ते कलम जिवंतच असे.

यावर पुढे उपाय रूढ झाला तो जलकुंडाचा. बागेतच खड्डा खणायचा, आतून गवत आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शेवटच्या सरींनी तो भरून घ्यायचा. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल खड्ड्यात आठ हजार लिटर मावते. एका कलमाला आठवड्याला दहा लिटर धरले, तर जानेवारी ते मेअखेरच्या वीस-एकवीस आठवड्यांत दोनशे-सव्वादोनशे लिटर लागतात. म्हणजे एका कुंडावर पस्तीस-चाळीस कलमे जगतील. गोम आहे ती पुढे. हे कुंड उघडे ठेवले तर रोज पाच मिलिमीटरच्या हिशेबाने दीडशे दिवसांत सहा हजार लिटर ऊनच पिऊन टाकील! आठातले सहा. माडाच्या झावळ्यांचे झाकण घातले तरच कुंडाला अर्थ. झावळी फुकट असते, म्हणून अंदाजपत्रकात ती येत नाही आणि अंदाजपत्रकात नाही म्हणून पुष्कळदा कुंडावरही येत नाही.

आणि ठिबक? इस्रायलमध्ये सिम्चा ब्लास या अभियंत्याने १९६० च्या दशकात हे तंत्र व्यवहारात आणले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावच्या भवरलाल जैन यांनी ते महाराष्ट्राच्या शेतात रुजवले. खानदेशची केळी, नाशिकची द्राक्षे, सोलापूरची डाळिंबे ही त्याची फळे. तत्त्व काकींच्या मडक्याचेच. तासाला चार लिटर देणारे दोन थेंबक झाडाशी ठेवले आणि नळी दोन तास चालवली, की झाडाला नेमके सोळा लिटर पोचतात. पाटातली गळती नाही, वाफ्यातली उधळण नाही. खतही त्याच पाण्यातून थोडे थोडे देता येते.

पण यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांची गोठ्यात गुंडाळून ठेवलेली नळ्यांची भेंडोळी मी पुष्कळ पाहिली आहेत. गाळणी आठवड्याला धुतली नाही, तर शेवाळ आणि गाळ बसून थेंबके बंद पडतात आणि ओळीतले शेवटचे झाड मेल्यावरच ते कळते. उतारावर नळी उभी टाकली, तर खालच्या झाडांना महापूर आणि वरच्यांना उपास; नळी उताराला आडवी, समपातळीत टाकावी लागते. आमच्याकडे भर म्हणून वानरे. मे महिन्यात तहानेने ती नळी चावतात आणि पुढचे सारे पाणी एकाच ठिकाणी वाहून जाते. एका शेतकऱ्याने बागेच्या कडेला वानरांसाठी पाण्याची जुनी डोण भरून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या नळ्या वाचल्या. हा खर्चही कुठल्या अनुदानात बसत नाही.

आणखी एक गोष्ट बँकेत असताना शिकलो. काटकसरीने वाचलेला पैसा ज्याच्या खात्यात जातो, त्याचीच श्रीमंती वाढते. पाण्याचेही तसेच आहे. ठिबकने निम्मे पाणी वाचले, की विहिरीचा मालक दुप्पट जमीन भिजवायला काढतो. शेजारच्या विहिरीला त्यातले काहीच मिळत नाही. हे कोडे विलासराव साळुंखे यांनी ओळखले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावात त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मापाने. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते; भूमिहीनाचाही त्यात वाटा आणि ऊस लावायचा नाही. आधी वाटणी ठरली म्हणून काटकसरीला अर्थ आला.

पोफळीच्या पाण्याचा वादही शेवटी वाटणीचाच आहे. माण-खटावचा दुष्काळी शेतकरी म्हणतो, आमच्या कृष्णा खोऱ्याचे पाणी तुम्ही समुद्रात सोडता. वरच्या वाडीतला कोकणी माणूस म्हणतो, दारावरून जाते पण आमच्या माडीवर चढत नाही. दोघेही खरे बोलतात. पाणी उतरते ते वीज देत आणि चढवायचे तर वीज मागते. कोयनेच्या माणसांना निदान एक गोष्ट माहीत असते. त्यांचे पाण्याचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला किती वापरले, किती उरले याचा ताळेबंद मिळतो. त्याच डोंगराखालच्या शेतात असा ताळेबंद कोणी मांडत नाही. मांडला तर काय दिसेल? या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे तात्यांच्या वीस गुंठ्यांवर आभाळातून साठ लाख लिटर उतरत होते आणि जानेवारी ते मे त्या शेताची सारी गरज होती पंधरा लाखांची. गरजेच्या चौपट जमा! फक्त चार महिन्यांत जमा आणि त्याच चार महिन्यांत खर्च.

गेल्या मे महिन्यात मी त्या वाडीवर गेलो. तात्या आणि काकी दोघेही आता नाहीत. टाळेबंदीत २०२० साली त्यांचा नातू मुंबईची नोकरी सुटल्यावर गावी आला आणि राहिला. विहीर तीच, पंप आधीच्याहून लहान. वीस गुंठ्यांपैकी नऊच गुंठे तो उन्हाळ्यात भाजीखाली ठेवतो. बाकी जागेत भातानंतर कुळीथ. नऊच का, असे विचारल्यावर त्याने विहिरीच्या आतल्या बाजूला रंगवलेली पट्टी दाखवली. रोज सकाळी तो पाण्याची उंची पाहतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. "जेवढं रात्रीत येतं, तेवढंच दिवसात काढायचं," तो म्हणाला. वाफ्यांवर भाताच्या पेंढ्याचे आच्छादन होते, नळ्या पहाटेच तासभर चालून बंद झाल्या होत्या. छपराचे पावसाचे पाणी तो आता विहिरीशेजारच्या खड्ड्यात मुरवतो.

मी त्याला माझी १९८९ ची गोष्ट सांगितली. अर्जात कोणता रकाना नव्हता तेही सांगितले. तो ऐकून घेऊन एवढेच म्हणाला, "काका, आजोबांनी कर्ज फेडलं ना पण?"

फेडले होते. सात वर्षे, एकही हप्ता न चुकवता, आणि बहुतेक साऱ्या हप्त्यांना नाण्यांचे वजन होते. निघताना मी परसात डोकावलो. नवी पाच-सहा मडकी पुरलेली होती. नातसून एका मडक्यावरची करवंटी बाजूला करून आत बोट घालून पाहत होती, किती उरले ते. मग तिने तांब्याने मोजून पाणी घातले आणि करवंटी पुन्हा नीट बसवली.